चिखलात लोळण्याचे पावणेचारशे पौंड

इंग्लंडात सॉमरसेटमधल्या पिल्टन गावात मायकल ईव्हिस यांचं दूधदुभत्याचं शेत आहे. 1970 साली त्यांनी तिथे गाण्याचा जलसा भरवला. तिकीट एक पौंड, वर दूध फुकट. त्याच जलशाचं, म्हणजे आजच्या ग्लास्टनबरी महोत्सवाचं, तिकीट 2025 साली पावणेचारशे पौंडांच्या घरात गेलं आणि फुकट दुधाचं नाव कुणी काढत नाही. तरी तिकिटं तासाभरात फस्त!

एवढे मोजून मिळतं काय? तंबूपुरती जागा. शेजाऱ्याचा दोर आपल्या पायात, त्याचं घोरणं आपल्या कानात. ऊन पडलं तर सकाळी सातलाच तंबूची भट्टी होते. पाऊस पडला तर विचारू नका: पाय वर येतो, गमबूट चिखलातच राहतो. 2005 साली तर वादळी पावसात तंबूच्या तंबू बुडाले. खोल खड्ड्यावरच्या संडासांना छप्पर नसतं, ही मात्र आयोजकांची खरी माणुसकी.

आणि सुख? मोबाइल मेलेला, त्यामुळे साहेब गप्प. मध्यरात्री अनोळखी माणूस आपल्या कपातला चहा पुढे करतो. पहाटे मंडळी दगडांच्या ‘प्राचीन’ रिंगणात सूर्योदयाला हात जोडतात. रिंगण 1992 सालचं आहे. लाखो माणसं आंघोळीशिवाय इतकी खूश दुसरीकडे क्वचितच दिसतील.

दर काही वर्षांनी जमीन सावरावी म्हणून महोत्सव एक वर्ष भरत नाही. 2026 हे तसंच वर्ष. हौशींनी तोवर गमबूट धुऊन घ्यावेत.