जावईबापूंचा नवा छंद

एडिसन, न्यू जर्सी

ती. सौ. आईस,


आम्ही खुशाल आहोत. काळजी फक्त तुझ्या जावईबापूंची. पुण्यात असताना लग्नापुरता आतेभावाचा कोट घाला म्हटलं, तर 'दुसऱ्याचं अंगाला लावत नाही' म्हणाले होते. तेच आता दर शनिवारी थ्रिफ्ट शॉपमध्ये अनोळखी लोकांच्या पँटी उलट्या करून वाचत बसतात. आपली बोहारीण जुने कपडे नेऊन पातेलं तरी द्यायची. इथे जुनेरं आपणच आणायची आणि वर पैसेही आपणच मोजायचे!

वाचतात म्हणजे खरंच वाचतात; कपडा जितका जुना, तितके खूश. आत धुण्याच्या सूचनांची पट्टी दिसली की नाक मुरडतात, 'बहात्तरनंतरचा!' कारण ती पट्टी लावण्याचा नियम इथे 1972 पासून आला. लिव्हाइसच्या मागच्या खिशावरच्या लाल फितीवर नावातला 'ई' कॅपिटल असेल, तर जीन्स साधारण 1971 च्या आधीची. हा 'ई' शोधायला परवा एका गृहस्थांच्या मागे वाकले. जीन्स त्या गृहस्थांच्या अंगात होती. मी मुकाट्याने भांड्यांच्या विभागात निघून गेले.

माझ्यासाठी फ्रॉक आणला. आत स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या युनियनचं लाल-पांढरं-निळं लेबल. ते 1974 पासूनचं, आणि 1995 मध्ये ती युनियन दुसरीत विलीन झाली. म्हणजे फ्रॉक मधल्या काळातला. काखेत उसवलाय, हे मात्र कुठल्याच लेबलवर नव्हतं.

कळस केला मद्रास चेक्सच्या शर्टाने. साठच्या दशकात आपलं हे हातमागाचं कापड इथे खपलं ते 'धुतल्यावर रंग जाणारच' अशी हमी देऊन! तू लक्ष्मी रोडवर 'रंग जाणार नाही ना?' म्हणून दुकानदाराला भंडावून सोडतेस. इथे रंग गेला नाही तर माल खोटा. यांनी खात्री करायला शर्ट आमच्याच मशीनमध्ये टाकला. अस्सल निघाला. माझा चिकनचा पांढरा कुर्ता, मुलांचे मोजे आणि यांचे बनियन, सगळे साक्षीला आहेत.

आता यांचा डोळा बाबांच्या टेरिलीनच्या शर्टांवर आहे. फोन आला तर 'बोहारणीला दिले' म्हणून सांग. खोटं बोलायला जड जात असेल, तर आधीच खरंच देऊन टाक. पातेलं मात्र जाड बुडाचं घे.

तुझी,
लेक