समुद्र सोडून सगळं त्यात आलं

क्षेत्रफळात नगर जिल्हा महाराष्ट्रात पहिला. एवढ्या जागेत सहकाराने साखर कारखाने बसवले, लष्कराने रणगाडे बसवले, देवाधर्माने शिर्डी आणि शिंगणापूर बसवलं. समुद्राला मात्र कुणी जागा दिली नाही. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी समुद्राने दखल घेतली नाही. माझ्या मते दोष अगस्ती ऋषींचा. देवांच्या विनंतीवरून त्यांनी आख्खा समुद्र पिऊन टाकला, असं पुराण सांगतं, आणि त्यांचा आश्रम आमच्या अकोल्यात प्रवरेच्या काठी आहे. (विदर्भातलं ते अकोला. आमचं अकोले. पत्रं आणि पाहुणे दोन्ही चुकतात.) ज्या जिल्ह्यात समुद्र पिणारा माणूस वस्तीला आहे, तिथे समुद्र उरायचा कसा?

त्यामुळे साडूभाऊंचा मुलगा जर्मनीहून सुट्टीवर आला आणि भूमध्य समुद्राच्या गोष्टी सांगू लागला, तेव्हा आम्ही सगळे कान देऊन बसलो. तो मित्रांबरोबर तुर्कस्तानात अंतल्याला जाऊन आला होता. तिकडे म्हणे हॉटेलात शिरताच मनगटावर एक पट्टी बांधतात. मग सकाळी उठल्यापासून मध्यरात्रीपर्यंत काय वाटेल ते खा, काय वाटेल ते प्या, कुणी काही विचारत नाही. पट्टी अंघोळीतही काढायची नाही. आणि जर्मन लोक एवढे शिस्तीचे, की पहाटे उठून तलावाकाठच्या आरामखुर्च्यांवर आपापले टॉवेल टाकतात आणि परत जाऊन झोपतात.

"म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच की," सासूबाई म्हणाल्या. भूमध्य समुद्र त्यांना तेवढ्यात समजला.

साडूभाऊंचा प्रश्न वेगळा होता. "आन् बिल?"

"बिल नसतं पप्पा. सगळे पैसे आधीच भरलेले असतात."

साडूभाऊ गप्प झाले. ते राहुरीचे, उसाचे बागायतदार. आधी ऊस घालायचा आणि मग बिलाची वाट बघायची, यात त्यांचं आयुष्य गेलेलं. जेवणाआधी पैसे देणारी माणसं पृथ्वीवर आहेत, आणि ती जर्मन आहेत, हे पचवायला त्यांना वेळ लागला.

तरी सगळ्यांनी मिळून असं कुठे तरी जावं, असं ठरलं. सासूबाईंकडे पासपोर्ट नव्हता, माझ्याकडे रजा नव्हती आणि साडूभाऊंची इच्छा नव्हती. तेव्हा पोराने फोनमध्ये डोकं घातलं आणि भंडारदऱ्याच्या तलावाकाठचे तंबू शोधून काढले. पॅकेजमध्ये संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं अनलिमिटेड जेवण, कॅम्प फायर, सकाळी पोहे-चहा, आणि झोपायला तंबू, गादी, उशी. खाली ठळक अक्षरात 'ऑल इन्क्लुसिव्ह'. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि डबाभर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं बांधलं. "पॅकेजचं काय सांगावं," एवढंच म्हणाल्या.

राहुरीहून कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. लोणी आली तेव्हा मी माझं ज्ञान बाहेर काढलं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने इथला सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, हे नगरच्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण त्याच 1950 साली तिकडे भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने सुट्टीचा एक क्लब काढला. एकदाच पैसे भरा, राहणं-खाणं-खेळणं सगळं त्यात. हीच पुढे 'क्लब मेड' म्हणून जगभर गेलेली कंपनी. सुरुवातीला ती कंपनीसुद्धा नव्हती, नफ्यासाठी न चालणारी संस्था होती. येणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणत नसत, सभासद म्हणत. आणि राहायला हॉटेल नव्हतं. तंबू होते, तेही लष्कराचे वापरून झालेले.

"सभासद म्हणजे शेअर्स असतील," साडूभाऊ म्हणाले. "मग बिनविरोध झाली का निवडणूक?"

राजूरला पेढे घेतले. पॅकेजमध्ये गोड लिहिलेलं नव्हतं. पुढे रंध्याचा धबधबा. मे महिन्याच्या अखेरीला सह्याद्रीतले धबधबे नुसते ओले डाग असतात. रंधा मात्र धो धो कोसळत होता. उन्हाळ्यात धरणातून शेतीला पाणी सोडलं, की प्रवरा वाहते आणि रंधा चालू होतो. साडूभाऊ कठड्याशी छाती काढून उभे राहिले. "हे आमचं आवर्तन," ते म्हणाले. फोटो काढणाऱ्या चार अनोळखी लोकांनाही त्यांनी ते सांगितलं.

या अभिमानाचा जाब त्यांना अर्ध्या तासात द्यावा लागला. शेंडी गावात पोचलो, तंबूंच्या मालकाने गाडी लावून घेतली, समोर रंगीत तंबूंची रांग दिसली. तलाव दिसेना. जाहिरातीत तंबूच्या दारातून पाय बाहेर काढला की पाण्यात पडत होता. इथे पाय काढला तर भेगाळलेली चिखलाची जमीन, त्यापलीकडे दगड, त्यापलीकडे बांधून ठेवलेली होडी, आणि मग कुठे तरी पाण्याची चकाकती रेघ.

"लेकसाइड म्हणला होता ना?" मेव्हणीने विचारलं.

"लेकसाइडच आहे ताई," मालक म्हणाला. "लेक जरा तिकडं गेलाय. आवर्तन सुटलंय ना."

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नसतेच. वीतभर पाणी वर, वीतभर खाली. म्हणून तिकडे अगदी काठाला हॉटेलं बांधता येतात. भंडारदऱ्याला भरती पावसाळ्यात येते आणि ओहोटी पाटबंधारे खात्याच्या पत्राने. 1910 साली इंग्रजांनी हे धरण बांधायला घेतलं, 1926 साली पुरं केलं. धरणाला गव्हर्नर विल्सनचं नाव दिलं, तलावाला आर्थर हिलचं. दगडी बांधकाम असं, की शंभरी झाली तरी भिंत ताठ. तलावात 11 टीएमसी पाणी मावतं. पण ते मावतं नगरच्या पश्चिम टोकाला आणि लागतं पूर्वेला. प्रवरेच्या दोन कालव्यांतून ते श्रीरामपूर-राहुरीकडे निघून जातं. सगळे साडूभाऊंकडे बघू लागले. ते चपलेने चिखलाची ढेकळं फोडत होते.

"तुमचाच ऊस प्याला हा समुद्र," मी म्हणालो. "अगस्तीनंतर तुम्हीच."

तिथे बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं, की आमच्या जिल्ह्यात खरा ऑल इन्क्लुसिव्ह पाहुणा एकच, तो म्हणजे ऊस. आडसाली लावला तर सोळा-अठरा महिने हलत नाही. पाणी त्यात आलं, खत त्यात आलं, रात्री-अपरात्री उठून मोटार चालू करणारा नोकरही त्यात आला. त्याच्यासाठी तालुक्या-तालुक्यांत भांडणं होतात, पुढाऱ्यांची भाषणं होतात, आणि तो आपला वाऱ्यावर डुलत उभा. अंतल्याच्या जर्मनाचीसुद्धा इतकी बडदास्त नसेल. फरक एवढाच, की मुक्काम संपल्यावर जर्मनाला सोडायला विमानतळापर्यंत गाडी येते, उसाला न्यायला कारखान्यापर्यंत.

मालकाने वही उघडली. "किती व्हेज, किती नॉनव्हेज?" व्हेजचा दर थोडा कमी होता. सासूबाई व्हेज, हे जगजाहीर. बाकी सगळे नॉनव्हेज. साडूभाऊंनी मात्र गळ्यातली तुळशीची माळ चाचपली आणि "व्हेज" म्हणाले. मेव्हणीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की लग्नाची पंचवीस वर्षं फुकट गेली. मालकाच्या पोराने प्रत्येकाच्या मनगटाला रिबन बांधली. व्हेजला हिरवी, नॉनव्हेजला लाल. जर्मनीचा पोरगा खूश झाला. "बघा काका, अंतल्या!"

पॅकेज घेतलेला माणूस विश्रांती घेत नाही, वसुली करतो. चहा आला, आम्ही दोनदा घेतला. भजी आली, ती संपेपर्यंत कुणी तलावाकडे मान वळवली नाही. कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सगळ्यात उंच, 1646 मीटर. ते संध्याकाळच्या उन्हात लाल झालं होतं, पण त्याच वेळी मिरच्यांची भजी आली. शेजारच्या तंबूतल्या पुण्याच्या मंडळींनी स्पीकर लावला. आमच्याकडे गाणं लावायला कुणाला हात मोकळा नव्हता.

अंधार पडल्यावर बार्बेक्यू. दोन शेगड्या. एकीवर पनीर, सिमला मिरची, बटाटा, दुसरीवर कोंबडी. पलीकडे मालकाची आई चुलीवर स्वतःच्या घरच्यांसाठी नागलीच्या भाकरी थापत होती आणि तव्यावर तलावातले मासे परतत होती. त्या वासापुढे दोन्ही शेगड्या फिक्या. पण नागली आणि मासे पॅकेजमध्ये नव्हते. आम्ही शहरातली माणसं पनीर मागतो, म्हणून तो बिचारा संगमनेरहून पनीर आणतो आणि आपण मागे बसून मासे खातो.

मग साडूभाऊ दिसेनात. बायको म्हणाली, गेले असतील पाण्याकडे. पाणी इतकं लांब होतं, की ते शक्य नव्हतं. तेवढ्यात मालकाचा पोरगा विजेरी घेऊन कोळसा घालायला गेला, आणि उजेडाचा झोत नेमका कोंबडीच्या शेगडीवर पडला. पुण्याच्या मंडळींमध्ये मांडी घालून साडूभाऊ बसले होते. हिरवी रिबन शर्टाच्या बाहीत सारलेली, माळ मागे पाठीवर टाकलेली, आणि हातात तंगडी.

क्षणभर कुणी बोललं नाही. मालक वही काढायला लागला. तेव्हा चुलीपाशी बसलेली म्हातारी म्हणाली, "राहू दे रं. जेवू दे त्यास्नी. वाईच भाकर पण द्या." आणि तिने साडूभाऊंच्या ताटात एक नागलीची भाकरी आणि एक मासा टाकला. मग आमच्याही ताटात टाकला. सासूबाईंनी तिला दोन धपाटे दिले. हा व्यवहार कुणाच्याही वहीत गेला नाही.

जेवण उरकून काजवे बघायला निघालो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिला पाऊस जोर धरेपर्यंत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजव्यांची वस्ती असते. वनखात्याचा नाक्यावर वेगळा प्रवेश कर. ("हे त्यात आलं नाही?" – साडूभाऊ. आवाजात जरा नरमाई.) गाडीचे दिवे मालवायचे, हॉर्न नाही, फ्लॅश नाही. थोडा वेळ काळोख, आणि मग आख्खं झाड एका तालात पेटलं आणि विझलं, पेटलं आणि विझलं. मी माहिती दिली, की चमकणारे बहुतेक नर असतात, मादीला खूण करतात. पंख फुटल्यावर थोडेच दिवस जगतात, आणि कितीतरी जातींचे काजवे त्या दिवसांत काहीच खात नाहीत.

"उपाशी राहून एवढा उजेड!" सासूबाई म्हणाल्या, आणि आपल्या जावयांकडे आलटून पालटून पाहिलं.

रात्री तंबूत झोप लागली, असं कुणीच म्हणणार नाही. पुण्याची मंडळी पहाटेपर्यंत गात होती, त्यात काही गाणी ओळखू येत होती. सकाळी पोह्यांची वसुली करून रतनवाडीला गेलो. काळ्या दगडातलं अमृतेश्वराचं मंदिर, बाजूला पुष्करणी, डोक्यावर रतनगड. तिथे एक म्हातारबाबा ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कथा सांगत होते. समुद्रमंथन झालं, अमृत निघालं. मोहिनीने देवांची पंगत बसवली. राहू नावाचा दैत्य वेष बदलून देवांच्या रांगेत बसला आणि अमृत प्याला. चंद्रसूर्यांनी चुगली केली, विष्णूने सुदर्शन चालवलं, मुंडकं उडालं. कापलेल्या गळ्याचा हा रतनगड झाला, आणि गळ्यातलं अमृत वाहिलं ती प्रवरा. म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणतात. मोहिनीने अमृत वाटलं ते नेवाशाला, तिथे मोहिनीराजाचं देऊळ आहे. राहुरीच्या नावाचा संबंधही लोक राहूशी लावतात.

एवढं ऐकून आम्ही सगळे एकदम साडूभाऊंकडे वळलो. त्यांनी नकळत गळा चाचपला. माळ होती. मुंडकंही होतं.

म्हणजे समुद्राकाठची, सगळं फुकट मिळणारी आणि पट्टी तपासणारी पहिली मेजवानी आमच्याच जिल्ह्यात होऊन गेली, आणि चुकीच्या रांगेत बसणाऱ्याचं काय होतं, तेही इथेच ठरलं. अंतल्याला हाच नियम चालतो. पट्टी नसेल तर दारातून परत. शेंडीच्या म्हातारीने मात्र देवांनाही जमलं नाही ते केलं. रिबन बघितली, माणूस बघितला, आणि ताट वाढलं.

तेव्हा भंडारदऱ्याला जरूर जा. पाणी काठाला हवं असेल तर सप्टेंबरात जा, काजवे हवे असतील तर मेच्या अखेरीला, आणि मग तलाव कुठे गेला म्हणून मालकाशी भांडू नका. राहुरीत कुणी पाहुणे असतील तर त्यांना विचारा. पनीर मागू नका, नागली आणि मासे मागा. रात्री दोनला गाऊ नका, काजव्यांना विजेरी दाखवू नका, बाटल्या चिखलात टाकू नका. तलाव परत आला की त्या तरंगतात आणि खाली सगळा जिल्हा तेच पाणी पितो. आणि नॉनव्हेज खाणार असाल तर वहीत सरळ नॉनव्हेज लिहा. थोडेच पैसे जास्त पडतात.