शेवटी डाळ

जेवायला बसलं की आधी वरण-भात. भाताची मूद, तिच्यावर पिवळं वरण, वरणावर तुपाची धार, कडेला लिंबाची फोड. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, तसं कुणाला शिकवावंही लागलं नाही. त्यामुळे ढाक्यातल्या पहिल्याच दुपारी, मतिझीलच्या मागच्या गल्लीतल्या एका हॉटेलात मी भात येताक्षणी डाळ मागितली, तेव्हा आपण काही चुकीचं बोललो असं मला वाटलंच नाही. वाढप्याने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी जणू अंतरपाट धरायच्या आधीच सगळ्या अक्षता उधळून मोकळा झालो होतो.

"डाल पोरे, मामा," तो म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे वळला.

पोरे म्हणजे नंतर. एवढं बांगला मला तिथेच आलं.

कामानिमित्त महिनाभर ढाक्यात राहायचं होतं. जाताना हिंदी सोबत घेतली होती, पण ती फारशी लागली नाही. उपयोगी पडली ती मराठी. तिथेही जेवायच्या जागेला 'होटेल'च म्हणतात. राहायची सोय असलीच पाहिजे असा कुणाचा आग्रह नसतो. साधी खानावळ म्हणजे 'भातेर होटेल'. कोलकात्याचा हिंदू माणूस जल पितो, ढाक्याचा मुसलमान आपल्यासारखा पानी पितो. लिंबू मागितलं तर 'कागजी लेबू' येतं. हे आपलं कागदी लिंबू. सुकवलेल्या मासळीला 'शुटकी' म्हणतात. तिचा वास स्वयंपाकघरातून आला, तेव्हा सुकटीशी असलेलं तिचं नातं सांगायला भाषातज्ज्ञाची गरज उरली नाही. आणि डाळ? हिंदीतली मऊ 'दाल' तिथे शिजत नाही. तिथे 'डाल' म्हणतात, चांगला ठसठशीत ड लावून. फक्त ती मिळते शेवटी.

राहता राहिला 'मामा'. ढाक्यात रिक्षावाला मामा, चहावाला मामा, वाढपीही मामा. आपल्याकडे ट्रॅफिक पोलिसाला मामा म्हणतात, पण त्यात प्रेमापेक्षा भीती जास्त. इथे तो खरा मामा. गंमत म्हणजे गिऱ्हाईक त्याला मामा म्हणतं आणि तो गिऱ्हाइकालाही मामाच म्हणतो. दोन्ही बाजूंना मामाच. भाचा कोण, याचा महिनाभरात पत्ता लागला नाही. बहुतेक जो भुकेला तो भाचा.

तर आमच्या या मामाने मला जेवायला शिकवायचं मनावर घेतलं. मेनूकार्ड नव्हतंच. तो टेबलाशी उभा राहून एका श्वासात पंधरा पदार्थ म्हणून दाखवायचा, संध्याकाळच्या परवच्यासारखे, आणि सोळावा आपण विचारला की चिडायचा. सुरुवात भर्त्यांपासून. भर्ता म्हणजे आपलं भरीतच, पण आपण वांग्याचं भरीत करतो आणि समाधानाने थांबतो. तिथे वांगं ही नुसती प्रस्तावना. बटाट्याचा भर्ता, शेंगांचा भर्ता, कोळंबीचा, टाकी नावाच्या माशाचा, शुटकीचा, इतकंच काय काळ्या जिऱ्याचाही. जे कुस्करता येतं ते सगळं कच्चा कांदा, भाजलेली लाल मिरची आणि मोहरीचं तेल घालून कुस्करायचं, हा तिथला दंडक. छोट्या छोट्या गोळ्यांची ती रांग पाहून मी सवयीने सगळे गोळे ताटात घेतले आणि कडेकडेने मांडले. मामाने कपाळाला हात लावला. एकेक घ्यायचा, तेवढ्याच भाताबरोबर खायचा, मग पुढचा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपलं ताट हा नकाशा असतो. वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी. सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर, प्रत्येकाचं गाव ठरलेलं. ढाक्याचं जेवण हे वेळापत्रक. आधी भर्ता-भाजी, मग मासा, मग मटण, आणि डाळ शेवटच्या गाडीने. नकाशात माणूस हवा तिथून निघू शकतो. वेळापत्रकात आधी येऊन बसलं तरी गाडी आपल्या वेळेलाच सुटते.

माशाच्या स्टेशनावर मी बराच वेळ अडकायचो. मी साताऱ्याकडचा, आमच्याकडे पाण्यात म्हैस बसते. इलिश हा त्यांचा राष्ट्रीय मासा. २०१७ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चवीला तो असा, की पहिल्या घासाला माणूस गप्प होतो. आणि काटे असे, की दुसऱ्या घासाला गप्प राहावंच लागतं. समोर बसलेला सात-आठ वर्षांचा मुलगा घास तोंडात टाकायचा, जीभ जराशी फिरवायचा आणि ओठांच्या कोपऱ्यातून केसासारखे काटे एकामागून एक काढून ठेवायचा. मी दोन्ही हातांनी, चष्मा लावून, घड्याळदुरुस्ती करत असल्यासारखा बसलेला असायचो.

एका सुट्टीच्या दिवशी लोक मला माव्याला घेऊन गेले. माव्याच्या घाटावर पूर्वी पद्मा ओलांडणाऱ्या फेऱ्यांसाठी लोक तासन् तास ताटकळायचे, आणि ताटकळणाऱ्या माणसाला भूक लागते म्हणून तिथे इलिशची होटेलं उभी राहिली. जून २०२२ मध्ये पद्मेवरचा पूल सुरू झाला, ताटकळायचं कारण संपलं. पण आता लोक खास गाडी काढून जेवायला तिथे जातात आणि होटेलाच्या दाराशी ताटकळतात. आपण मासा निवडायचा, समोर त्याच्या तुकड्या होतात, तळून येतात, बरोबर वांग्याचे काप. शेपटीकडच्या भागात काटे फार. तो फेकून देतील असं मला वाटलं. छे! त्याचा भर्ता. लाल मिरच्यांबरोबर इतका बारीक कुटलेला, की काट्यांनाच आपण काटे असल्याचा विसर पडावा. महिनाभरात मी पूर्ण निर्भयपणे खाल्लेला इलिश तो एवढाच.

पण डाळ शेवटी का, हा प्रश्न काही जाईना. नीहाररंजन राय यांनी 'बांगालीर इतिहास' या ग्रंथात नोंदवलंय, की प्राचीन बंगालच्या खाण्यापिण्याच्या उल्लेखांत डाळ आढळत नाही. 'माछे भाते बांगाली' ही म्हणच आहे. माशाने आणि भाताने बंगाली माणूस होतो, डाळीचं त्यात नाव नाही. मग पंगतीला उशिरा आलेल्या पाहुणीला शेवटची जागा मिळाली असेल, असा मी आपला तर्क केला आणि खूश झालो. रोज माझ्या समोर बसणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना तो ऐकवला. ते हसले. पातळ मसूरडाळ, वर लसणाची फोडणी, ताटात उरलेल्या शेवटच्या भातावर ओतून त्यांनी ताट असं लख्ख केलं, की घासायलाच नको. "एवढं सगळं खाल्ल्यावर जिभेला घरी नको का पोचवायला?" ते म्हणाले.

मी विचारात पडलो. हे काम आपल्याकडे ताकभात करतो. म्हणजे सौम्य पदार्थ दोघांकडे आहे. आपण वरण आधी वाढतो, कारण लहानपणी ज्या घासाने जेवण सुरू झालं तो घास आधी, तिखटाशी ओळख मागाहून. ते आधी मिरची-मोहरीशी दोन हात करतात आणि मग आईकडे परततात. आम्ही घरून निघतो, ते घरी येतात. रस्ता तोच.

जुन्या ढाक्याने तर हा रस्ताही सोडायला लावला. नाझिरा बाझारात १९३९ पासूनची हाजीची बिर्याणी आहे. तुपाऐवजी मोहरीच्या तेलातली, फणसाच्या पानांत बांधून देतात. देग संपली की संपली. पुण्याच्या दुकानदाराने हा बाणा पाहिला असता तर त्याला माणूस ओळखीचा वाटला असता. एका लग्नातही जेवलो. कच्च्या मटणावर तांदूळ रचून दमाला लावलेली कच्ची बिर्याणी, तिच्यात बटाटा, आणि प्यायला बोरहानी. पुदिना, मोहरी, काळं मीठ घातलेलं ताकच ते. आपल्या मठ्ठ्याने परदेशात जाऊन जरा रागीट स्वभाव केला तर असाच लागेल. डाळीचं तिथे कुणी नावही काढलं नाही. आणि मला, खरं सांगतो, चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शेवटच्या दुपारी मी होटेलात गेलो. हात धुऊन बसलो. मामा आला तो वाटी घेऊनच. सगळ्यात आधी डाळ. वाफाळलेली, शेजारी कागजी लिंबाची फोड. "आज डाल आगे," तो म्हणाला आणि हात बांधून उभा राहिला. महिनाभर त्याने मला शिकवलं होतं. मी मागून मागून त्याला काही शिकवलं असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

आणि माझा हात सवयीने भर्त्याकडे गेलेला.

त्याच्याकडे पाहिलं, डाळीकडे पाहिलं. लिंबू पिळून डाळभाताचा एक घास घेतला. तो हसला. मग मी वाटी हळूच पलीकडे सरकवली आणि भर्ता ओढला. भर्ता झाला, मासा झाला. वाटीतली डाळ एव्हाना निवून तिच्यावर साय धरली होती. मामाने न विचारता ती वाटी उचलली आणि आतून गरम डाळ भरून आणून ठेवली.

"पोरे," तो म्हणाला.