कोटी-कोटी जंतू आणि एक टँकर

आमच्या पनवेलात हल्ली दोनच गोष्टी कोटींत मोजतात: खारघरचा फ्लॅट आणि पोटातले जंतू. फ्लॅटच्या आकड्यावर घासाघीस तरी होते. जंतूंचा आकडा प्रोबायोटिकच्या बाटलीवर छापलेलाच, शेकडो कोटी, तेही जिवंत! मे महिन्याच्या दुपारी कळंबोली सर्कलला तासभर अडकलेल्या टेम्पोत त्यांतले किती जिवंत राहिले, हे विचारायचं नाही. बाटलीवरची शिरगणती बहुधा जन्मवेळची असते.

उरण नाक्याकडच्या औषधाच्या दुकानात परवा एका गृहस्थांनी विचारलं, "इम्युनिटीसाठी काय आहे?" दुकानदार म्हणाला, "चारशेवाली देऊ की नऊशेवाली?" गृहस्थांनी नऊशेवाली घेतली. कोणता जंतू, कशासाठी, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. स्थळ बघताना गोत्र, नाडी, मंगळ सगळं तपासणारे आपण, जंतूला मात्र नुसत्या आडनावावर घरात घेतो. लॅक्टोबॅसिलस म्हणजे चांगलं घराणं, एवढं पुरे. प्रत्यक्षात एकाच घराण्यातला एक भाऊ जुलाबात उपयोगी पडतो, दुसरा नुसता जेवून जातो.

बरं, उपयोग होतच नाही असंही नाही. ओडिशातल्या साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेला अभ्यास 2017 साली 'नेचर'मध्ये आला. ठरावीक जातीचा जंतू, सोबत त्याचं खाद्य, आठवडाभर. जंतुदोष आणि मृत्यू मिळून 9 टक्क्यांवरून साडेपाचच्या आत आले. फार मोठी गोष्ट. फक्त ती बाळं रात्री अकराला शेजवान डोसा खात नव्हती.

आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणजे नक्की काय करा? ती काय महागाई भत्ता आहे, की वाढलेलीच बरी? भलतीकडे वाढली की तिलाच ॲलर्जी म्हणतात, दमा म्हणतात. आतड्यातले जंतू तिथल्या पेशींना लढायला शिकवतात, तसंच गप्प बसायलाही शिकवतात. पण 'गप्प बसायला शिकवणारं पेय' नऊशेला कोण घेणार?

दुसरीकडे आमचे पूर्वजवादी काका. 1872 पासून धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधं बनवणारं गाव आमचं. इथे काकांना तोटा नाही. "हे सगळं आजीच्या विरजणात होतं!" होतं ना. ते जंतू दही झकास लावतात, दूध न पचणाऱ्याला मदतही करतात. पण जठरातल्या आम्लातून त्यांतले किती पार होतात, हे आजीने कधी मोजलं नव्हतं. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ, प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी 1908 चं नोबेल मिळवलेला, दीर्घायुष्यासाठी रोज आंबवलेलं दूध प्यायचा. एकाहत्तराव्या वर्षी गेला. काकांनी ही माहिती फॉरवर्ड केलेली नाही.

दरम्यान देहरंग धरणाने तळ दाखवला, की सोसायटीच्या दारात टँकर उभा राहतो. त्यातही जिवंत जंतू असतात, न मोजलेले, गोत्र न विचारलेले आणि घरपोच. त्या गृहस्थांनी नऊशेची बाटली त्याच पाण्याने खंगाळून ठेवलीय, बाहेरून चिकट झाली होती म्हणून.