जानेवारी-जुलैचं व्रत

कुंभारीतल्या एका इमारतीत परवा अग्निशमनाची फाइल बघायला मागितली. कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांकडे, साहेब सोलापुरात. आगीने येण्याआधी फोन करून यावं, हे बरं.

२००६ चा महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा सांगतो की, यंत्रणा ठीक असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. आपल्याकडे हे व्रत लोक मनोभावे पाळतात. उद्यापन झेरॉक्सच्या दुकानात.

दुपारी किल्ली आली. फाइल देखणी, प्लास्टिकच्या कव्हरात. वर्षभराच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एका बैठकीत. पंपाचा दाब बाराही महिने सात किलो. इतका स्थिर रक्तदाब माणसाचा असता तर डॉक्टर उपाशी मरते. जिन्यातल्या हायड्रंटच्या चाकावर मात्र पंचा वाळत होता. चाक फिरवून बघितलं. हललं नाही. पंचा तेवढा खाली पडला.

१८ मे २०२५ ला इथल्याच अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. त्याबद्दल वॉचमनकाका स्वतःहून बोलले, हळू आवाजात. मग त्यांनी पंचा उचलला, झटकला आणि पुन्हा त्याच चाकावर टाकला.

निघताना रजिस्टर पुन्हा चाळलं. ३१ एप्रिललाही पंप चालवून पाहिल्याची नोंद आहे. खाली सही, शिक्का आणि शेरा : 'समाधानकारक'.