लोणावळ्याच्या वर राहणारी माणसं

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास आहे आणि धाराशिव साडेसहाशेच्या. एका जुन्या नकाशावरचे बारीक आकडे चाळता चाळता मला हा शोध लागला आणि तेव्हापासून मी आमच्या गावातल्या माणसांकडे जरा निराळ्या नजरेनं पाहू लागलो. बसस्टँडवर पानाचं बोट भिंतीला पुसणारे गृहस्थ, दुपारी दोनच्या उन्हात छत्री न उघडता नुसती काखेत धरून चालणाऱ्या मास्तरीणबाई, टपरीवर चहा अर्धा करून भांडणारी मंडळी, हे सगळे हिल स्टेशनवर राहतात आणि यांना ते कुणी कळवलेलंच नाही. दर उन्हाळ्यात आमच्याकडची चार बरी कुटुंबं बॅगांत स्वेटर कोंबून 'वर जाऊन येतो' म्हणत लोणावळ्याला जातात आणि प्रत्यक्षात पंचवीस-तीस मीटर खाली उतरतात. येताना चिक्की आणतात. आम्हीही ती 'वरची' म्हणून जपून खातो.

दोष आमचं गाव ज्याच्या पठारावर आहे त्या बालाघाटाच्या स्वभावाचा आहे. सह्याद्रीला नाट्य कळतं. तो चालता चालता अचानक तुटतो, खाली कोकण उघडं टाकतो आणि माणसाच्या तोंडून 'अहाहा' वसूल करून घेतो. बालाघाट मैफलीत मागच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या जाणकारासारखा; तो आहे हे शेजाऱ्यालाही कळत नाही. बार्शीकडून येणाऱ्याला येडशीजवळ घाट लागतो, वळणं लागतात, कानांना किंचित दडे बसल्यासारखे होतात. त्याला वाटतं, आता काहीतरी येणार. आणि वर काय येतं, तर तुरीचं रान. सपाट, शहाणं, सोयाबीनच्या भावाची काळजी करणारं रान. डोंगर चढून आलो आणि डोंगरच गेला कुठे, असं त्या बिचाऱ्याला होतं. पावसाला मात्र ही उंची बरोबर कळते. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही आला तर. पण जो येतो तो इथं आल्यावर दोन घरं करतो. काही पाणी तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळतं, काही बोरी-सीनेच्या वाटेनं भीमेला आणि मग कृष्णेला. एकाच ढगातले दोन थेंब बंगालच्या उपसागरापर्यंत पुन्हा भेटत नाहीत. आमच्याकडे भावकीतही हे होतं, पण त्याला डोंगर लागत नाही, बांध पुरतो.

शिवाय हिल स्टेशन नुसत्या उंचीनं होत नाही. त्यासाठी एखादा घामाघूम साहेब लागतो. महाबळेश्वरला गव्हर्नर माल्कम लाभला, माथेरानला १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट. आमचा मुलूख निजामाचा. मध्ये काही वर्षं तो इंग्रजांकडे आला तेव्हा, १८५३ मध्ये, नळदुर्गला मेडोज टेलर आला. ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिणारा हा माणूस. पण जमिनीची मोजणी आणि रस्ते यांतून त्याला एखाद्या कड्याला स्वतःचं नाव द्यायची सवड झालेली दिसत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून आदिलशाहीनं पाणीमहाल बांधला, त्याच्या सांडव्यांवरून पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. एवढं आयतं असताना आमच्या नशिबी एकही 'पॉइंट' आला नाही. त्यामुळे आमच्याकडचा पर्यटक जरा गोंधळतो. कुठे उभं राहून भारावायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

छोटी गाडी तर आमच्याकडे माथेरानच्या आधीपासून होती. माथेरानची १९०७ ची. बार्शी लाइट रेल्वे धावू लागली १८९७ मध्ये आणि १९११ पर्यंत येडशीवरून लातूरला पोचली. धाराशिवात तेव्हा रूळ नव्हतेच, गावच्या माणसाला गाडीसाठी येडशी गाठावी लागे. माझे मामा त्या गाडीनं बार्शीच्या बाजाराला जात. घाट कसा दिसायचा, असं मी एकदा मोठ्या हौसेनं विचारलं, तर म्हणाले, "आरं, ध्यान सगळं शेंगाच्या पोत्याकडं असायचं. घाट काय कुणी चोरून नेत न्हवतं." २००८ पर्यंत मार्ग मोठा झाला, धाराशिवात रेल्वे आली आणि ती डुलणारी गाडी गेली. घाट खरोखरच कुणी नेला नाही.

तर राहिलं येडशीजवळचं रामलिंग. श्रावणात आम्ही तिथं जातो, म्हणजे सहल म्हणून निघतो आणि यात्रा म्हणून पोचतो. डब्यात धपाटे, शेंगाची चटणी, दही वेगळं बांधलेलं. जगातल्या बाकी डोंगरांवर माणसं चढतात. आमचं रामलिंग उतरून जायचं. रस्ता वर सोडायचा आणि पायऱ्या धरून झाडीत खाली, दरीतल्या महादेवाकडे. तुळजापूरची आईही अशीच, पायऱ्या उतरल्यावर भेटते. आमच्या देवांना बहुधा उंचीचा संकोच आहे. रामलिंगलाच जटायू रावणाला आडवा आला आणि रामानं बाण मारून जटायूसाठी पाणी काढलं, असं सांगतात. पाण्यासाठी जमिनीत भोक पाडायची आमच्या जिल्ह्याची सवय इतकी जुनी आहे तर! माकडं हा इतिहास ऐकून घेत नाहीत. ती थेट पिशवीची तपासणी करतात, आणि प्रसादाचा नारळ त्यांच्या नजरेसमोरून घरी नेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

परतीच्या पायऱ्यांवर मात्र उंची वसुली करते. गेल्या खेपेला आत्या निम्म्यात बसली, पदरानं मान पुसली आणि वर पाहू लागली. झाडीच्या शेंड्यांपलीकडे दरीचा काठ दिसत होता, त्यावर सीताफळीची झुडपं, त्यामागे आभाळ.

"त्या वर काय हाय रं?"

"आपली रानं. गाव. आपलं घर."

ती बराच वेळ काही बोलली नाही. सत्तर वर्षं सासर-माहेर याच पठारावर काढलेली बाई. मग म्हणाली, "म्हंजी आपण एवढ्या वर राहतो व्हय?" आणि गुडघ्यावर हात टेकून उठली ती जरा रुबाबातच. उरलेल्या पायऱ्या तिनं माझा हात न धरता चढल्या. घरी निघालेल्या माणसाला आधार कशाला, असा तिचा एकूण आविर्भाव होता.

अस्सल पर्यटक आमच्याकडे आला तो २०२४ च्या डिसेंबरात. यवतमाळच्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर पायी तुडवत येडशीच्या अभयारण्यात पोचला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात सापडला. त्यानं हॉटेल विचारलं नाही, पॉइंट विचारला नाही; आला, उतरला आणि राहिला. ज्यांची जनावरं गेली त्यांना हे कौतुक परवडणारं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. पण पुढे ठरलं काय, तर त्याला पकडून सह्याद्रीत नेऊन सोडायचं! आमच्या भागातल्या पाहुण्याला खरा डोंगर दाखवल्याशिवाय सरकारलाही चैन पडत नाही. पथकं आली, बंदुका आल्या, आठवडे गेले. वाघ काही हाती लागेना. मी रोज पेपरातली बातमी आत्याला वाचून दाखवत होतो.

"न्हाई जायचा त्यो," ती शेंगा फोडता फोडता म्हणाली. "एवढं चालून आल्यावर कोण खाली उतरतंय?"