माझं नाव सांगा

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "या वेळी जरा हलकंफुलकं होऊ द्या. वाचकांना चार शिफारशी करा. एखादं पुस्तक, एखादं गाणं, काही खाण्यापिण्याचं, रोजच्या जगण्यातली एखादी मौज." मी "शिफारशी ना, करतो की!" असं दणक्यात म्हणालो आणि तिथंच फसलो. मी गॅलरीत उभा होतो, आणि नगर जिल्ह्यात हा शब्द गॅलरीत उभं राहून उच्चारायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात एक गृहस्थ. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी, बगलेत प्लास्टिकची फाईल, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी शेपूची जुडी.

"तुम्ही शिफारशी करता असं कळलं."

"करतो. पण पुस्तकांच्या वगैरे."

"चालंल की," ते चपला काढत म्हणाले. "पोरगं बी.एड. झालंय. त्याला पुस्तकाचंच काम पाहिजे."

दोष त्यांचा नव्हता. सहकारानं या जिल्ह्याला साखर दिली, दूध दिलं, शाळा-कॉलेजं दिली आणि त्या सगळ्यांच्या दारात उभं राहायला एक चिठ्ठीही दिली. शिफारस म्हणजे ती चिठ्ठी. तिच्यात चव नसते, वजन असतं. 'अमुक पुस्तक वाचा' असं कुणी सांगितलं, तर इथला शहाणा माणूस लेखक कुणाचा सोयरा आहे ते आधी विचारतो.

मी पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं आणि टेबलावर पडलेली यादी त्यांच्यापुढं सरकवली. म्हटलं, माझ्या शिफारशी या असल्या असतात. बघा, यातलं काही तुमच्या कामाचं आहे का.

त्यांनी चष्मा चढवला. पहिली ओळ होती 'हुलग्याचे शेंगोळे'.

"हाटेलात मिळत्यात?"

"नाही."

"मग लिहून काय उपेग?"

मुद्दा बरोबर होता. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, मीठ. घट्ट मळायचं, तळहातावर करंगळीएवढी वळी करायची, तिला वाकवून कडं करायचं आणि लाल रश्श्यात एकेक सोडत जायचं. थोडं पीठ पाण्यात कालवून वरून ओतलं की रस्सा अंगासरशी येतो. बाहेर पाऊस हवा आणि घरात हे करणारं कुणीतरी हवं. या शेवटच्या अटीवर बहुतेकांची शिफारस संपते. आमच्याकडच्या खाण्याची गंमतच ही आहे, की जे फार चांगलं असतं ते आत्याच्या हातचं असतं आणि आत्या आता नसते.

हॉटेलांचंही तेच. कोणाही नगरकराला विचारा, मिसळ कुठं खाऊ? तो ठिकाण सांगेल, डोळे मिटेल आणि पुढं जोडेल, "पण आता पहिल्यासारखी राहिली नाही." रस्ताही तसाच सांगेल. माळीवाड्यातून सरळ जा, जिथं पूर्वी टॉकीज होतं तिथून वळा, जिथं पूर्वी लिंबाचं झाड होतं तिथं थांबा. म्हणजे जे उरलं नाही ते खायला, जे उरलं नाही त्या खुणांवरून जायचं. शेवटी निरोप ठरलेला : "माझं नाव सांगा." नाव सांगितलं की हॉटेलवाला आपल्याकडं एकदा बघतो आणि तीच मिसळ त्याच भावात देतो. गावाचं स्वतःचं नाव २०२४ मध्ये सरकारी कागदावर बदललं, तेव्हाही आमची फारशी अडचण झाली नाही. जुन्या नावातलं 'नगर' नव्यातही शाबूत आहे, आणि आमच्या जिभेला तेवढंच लागत होतं.

पाहुणे दुसऱ्या ओळीवर आले. पुस्तकं.

नगरात १८३८ साली वाचनालय निघालं, तेव्हा पुस्तकांची शिफारस करण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही. वाचण्यात धरतात. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. १९४४ चा एप्रिल ते सप्टेंबर, पाच महिन्यांत. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही हे छाती फुगवून सांगतो. त्यांना लिहायला पाच महिने लागले. आम्ही ते ऐंशी वर्षं वाचायला घेतोय. नेवाशाचंही असंच. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या खांबापुढं आम्ही मनोभावे हात जोडतो, पण ग्रंथ उघडायचा म्हटलं की हात जोडलेलेच राहतात.

तिसरी ओळ गाण्याची. मी संगमनेरच्या अनंत फंदींचे फटके लिहिले होते. पाहुण्यांना फंदी माहीत निघाले. फटका म्हणजे खरं तर उलटी शिफारस. काय करावं ते थोडं, काय करू नये ते फार. आख्यायिका अशी, की फंदींच्या तमाशावरून अहिल्याबाईंनी त्यांचे कान उपटले. चौंडीच्या लेकीनं संगमनेरच्या शाहिराला सांगितलं, आणि फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरलं. खरं-खोटं इतिहासकारांनी बघावं. आमच्या जिल्ह्यात तोंडी शिफारस तडकाफडकी अमलात आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

"बाईंचं वजनच तेवढं होतं," पाहुणे म्हणाले.

एव्हाना चहाची वेळ झाली होती, आणि यादीत चौथी ओळ चहाचीच होती. मी आत जाऊन आधण ठेवलं आणि तिथूनच सांगू लागलो. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत काँग्रेसचे पुढारी पकडले आणि त्यातले डझनभर नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना आझाद. मौलाना पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हातानं चहा करायचे आणि एका मित्राला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना, पत्र लिहायला बसायचे. पत्रं धाडायची सोय नव्हती. तरी लिहायचे. कशावर? चहावर. खोलीत घरटं बांधायला येणाऱ्या चिमण्यांवर. सतारीवर आणि तरुणपणी ताजमहालाच्या आवारात रात्री वाजवलेल्या सतारीच्या आठवणीवर. बाहेर महायुद्ध चाललेलं, देशाचं भवितव्य टांगलेलं, आणि हे गृहस्थ चहात काय नसावं ते सांगताहेत! पुढं १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, 'गुबार-ए-खातिर'.

त्यांचा चहा चिनी, 'व्हाइट जास्मिन' नावाचा. दुधाचा थेंब नाही. चहात दूध घालणं ही इंग्रजांनी लावलेली खोड, आणि तसला चहा म्हणजे पातळ हलवा, असं त्यांचं म्हणणं. साखरही काचेसारखी निर्मळ हवी. आता हा माणूस सरकारनं नेऊन ठेवावा कुठं? तर नगर जिल्ह्यात! जिथं माणसं दुधावर आणि उसावर उभी आहेत. जिथं विठ्ठलराव विखे पाटलांनी पुढं आठच वर्षांत, १९५० साली, प्रवरेच्या काठी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना चालू केला. मौलानांना थोडा दम निघता, तर निदान साखरेची तक्रार राहिली नसती. दुधाचं मात्र कठीण होतं. आज किल्ल्याच्या बाहेर चहा मागितलात तर पातेल्यात दूध आटत असतं, त्यात आलं, गवती चहा, ओंजळभर साखर. मौलानांचा हलवा, कटिंगमध्ये.

आणि तरी मला वाटतं, या जिल्ह्यात लिहिली गेलेली सगळ्यात सच्ची शिफारस तीच. ज्याला करायची त्याच्यापर्यंत ती पोचणार नव्हती, जिन्नस बाजारात मिळत नव्हता आणि करणाऱ्याला त्यातून दमडी सुटणार नव्हती. माणसाला चहा आवडला होता, एवढंच. नाही तर आम्ही. घास तोंडात जायच्या आधी ताटाचा फोटो जातो, आणि पुस्तकाची पानं उलटायच्या आधी त्याची तारीफ.

मी चहा आणला. बिनदुधाचा, काचेच्या पेल्यात. पाहुण्यांनी पेला उजेडात धरला, आरपार बघितलं.

"दूध नासलं का?"

"नाही. मौलानांच्या पद्धतीचा आहे."

त्यांनी एक घोट घेतला आणि पेला जपून खाली ठेवला. "हे मौलाना पुढं काय झाले?"

"देशाचे पहिले शिक्षणमंत्री."

ते ताडकन सरळ बसले. फाईल बगलेतून मांडीवर आली. "शिक्षणमंत्री? अहो, मग हे आधी नाही का सांगायचं! त्यांची दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तरी पोराचं काम होईल."

"ते १९५८ साली गेले."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं, मग यादीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आवाजात राग नव्हता, कणव होती. "म्हणजे शेंगोळे करणारी आत्या गेली. फंदी गेले. नेहरू गेले. हे पण गेले. सर, तुमची सगळी ओळख गेलेल्या माणसांतच हाय."

याला उत्तर नव्हतं. त्यांनी फाईल उचलली, शेपूची जुडी पिशवीत नीट खोचली आणि उंबऱ्यात चपला घालताना थांबले. फुकटचा चहा अर्धा टाकला, याची भरपाई करायची असावी.

"तुम्हाला चांगला चहा पायजे ना? खाली चौकात लिंबाखाली गाडी लागती. दूध घट्ट असतं. माझं नाव सांगा."

संध्याकाळी गेलो. लिंब जागेवर होता, गाडी होती, दूध आटत होतं. चहावाल्याला सांगितलं, एका पाहुण्यांनी पाठवलंय.

"कोण पाहुणे?" त्यानं विचारलं.

तेव्हा आठवलं, त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं.